फुल गाडीतली कॉट

रिटायर होऊन दीड वर्ष झालं, तरी फोन उचलला की माझ्या तोंडून ‘हॅलो’च्या आधी ‘कुठून कुठं?’ हेच निघतं. परवा भाचीच्या सासूबाईंचा फोन आला. मी म्हणाले, “कुठून कुठं?” त्या बिचाऱ्या गडबडल्या. म्हणाल्या, “कुठं न्हाई हो, घरीच हाय.” मी पुढं विचारलंच, “माल किती?” मग सुनेनं माझ्या हातातून फोन काढून घेतला. भाचीच्या नणंदेची सुपारी फुटली होती आणि ते आमंत्रण होतं, हे मला संध्याकाळी कळलं.

सव्वीस वर्षं मी शिरूरला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बुकिंगच्या टेबलावर काढली. आठवड्यातले दोन दिवस दौंडच्या शाखेत जायचं. शाखा म्हणजे स्टेशनाजवळचा एक गाळा, एक पंखा आणि एक हमाल. बाईमाणूस ट्रकच्या धंद्यात असतं हे लोकांच्या डोक्यातच शिरायचं नाही. दारात यायचे, माझ्याकडं बघायचे, माझ्या मागच्या भिंतीकडं बघायचे आणि विचारायचे, “सायेब कुठं गेल्यात?” मी म्हणायची, “साहेब जेवायला गेलेत, तोवर माझ्याजवळ सांगा.” पाच मिनिटांत बिल्टी त्यांच्या हातात असायची. बिल्टी म्हणजे मालाचा जन्मदाखला: माल कुणाचा, चाललाय कुणाकडं, नग किती, गाडी कोणती. काही गिऱ्हाइकं शेवटपर्यंत त्या जेवायला गेलेल्या साहेबांची वाट बघत होती.

आमच्या धंद्यात दिवसातून वीस वेळा एकच प्रश्न यायचा. फुल का पार्ट? ज्यांचा ट्रकशी संबंध फक्त ओव्हरटेक करण्यापुरता आहे, त्यांच्यासाठी सांगते. समजा तुम्हाला शिरूरहून न्हावऱ्याला जायचंय. एक तर स्पेशल रिक्षा करा. तुम्ही एकटे बसा, वाटेल तेव्हा निघा, थेट दारात उतरा, आणि सगळं भाडं तुम्हीच द्या. नाहीतर वडापच्या जीपमध्ये बसा. भाडं थोडकं, पण जीप भरेपर्यंत ती हलणार नाही, आणि तुमच्या मांडीवर कुणाची कोंबडी बसेल ते सांगता येत नाही. स्पेशल रिक्षा म्हणजे फुल लोड, वडाप म्हणजे पार्ट लोड. पार्टचा माल आधी आमच्या गोडाऊनला येतो, तिथून पुण्याच्या गोडाऊनला, तिथं त्या दिशेचा माल साठला की मोठ्या गाडीत, मग पलीकडच्या गोडाऊनला, आणि शेवटी छोट्या टेम्पोनं दारात. चार वेळा चढतो, चार वेळा उतरतो. पेटीवर तुम्ही ‘काच आहे, जपून’ असं कितीही ठळक लिहा, संध्याकाळी सहानंतर कुठलाही हमाल वाचत नाही.

म्हणून मी गिऱ्हाइकाला तीन प्रश्न विचारायची. माल जागा किती खातो? पोचायला कधी पाहिजे? आणि वाटेत चार हात लागले तर चालेल का? या तीन उत्तरांवर मी डोळे झाकून फुल का पार्ट ते सांगायची, आणि सहसा चुकायची नाही. तसा मला गर्वच होता म्हणा.

पहिल्या प्रश्नावर भांडणं फार. रांजणगावच्या कंपन्यांना पॅकिंगचं थर्मोकोल पुरवणारा एक जण होता. फोनवर म्हणाला, “ताई, समदं मिळून चाळीस किलो भरंल. टाका पार्टमधी.” मी म्हटलं, चाळीस किलो म्हणजे काय, एका कोपऱ्यात राहील. माल आला तो तीन टेम्पोंनी. गोडाऊन छतापर्यंत भरलं, आणि आमचा हमाल पलीकडच्या बाजूला अडकला. तो दिसत नव्हता, नुसता शिव्या देत होता. मी जागेच्या हिशेबानं भाडं सांगितल्यावर हा गृहस्थ लाल झाला. म्हणाला, “वजनच न्हाई तर भाडं कशाचं घेता?” मी म्हणाले, “बरं, वजनाचं घेते. मग तुमच्या मालावर दुसऱ्याचे लोखंडी पाइप रचू का?” त्यावर त्यानं निमूट सही केली.

दुसऱ्या प्रश्नानं मात्र मलाच शिकवलं. एका कारखान्यातल्या पोरसवदा साहेबाचा सकाळी सकाळी फोन आला, “मॅडम, फुल गाडी पाहिजे, आत्ता, कोल्हापूरला.” मी विचारलं, “माल किती?” तर म्हणे, “एक बॉक्स.” “केवढा?” “जेवणाचा डबा असतो ना, तेवढा.” मी म्हणाले, “मग खिशात घाला आणि एसटीत बसा.” तो रडकुंडीला आला. तिथल्या कारखान्याची अख्खी लाइन त्या डब्यातल्या एका भागासाठी बंद पडली होती. दारात उभी होती ती चौदा फुटी गाडी मी लावून दिली. ड्रायव्हरनं तो बॉक्स केबिनमध्ये शेजारच्या सीटवर ठेवला आणि त्याला बेल्ट लावला. मागं चौदा फूट नुसतं वारं. मी दिवसभर हसले, पण घरी जाताना डोक्यात उजेड पडला की लोक फुल गाडीचं भाडं देतात ते जागेसाठी कमी आणि वेळेसाठी जास्त.

एवढी अक्कल आल्यावर मी जी माती खाल्ली, ती सांगायलाच खरं तर हे लिहायला बसलेय.

न्हावरे माझं माहेर. तिथं रस्त्याकडेला दगडूआप्पांचं पत्र्याचं शेड. आप्पा कडबाकुट्टी बनवायचे, म्हणजे जनावरांचा चारा बारीक करायचं यंत्र: मोटर, मोठं चाक, चाकाला पाती. एका नगाला हलवायचं तर चार गडी लागतात. आप्पा माझ्या वडलांच्या बरोबरीचे. गावात मला ‘विमल’ म्हणून हाक मारायचे, पण शिरूरच्या ऑफिसची पायरी चढले की ‘म्याडम’ व्हायची. मी कितीदा सांगितलं, आप्पा, असं परक्यासारखं का? तर म्हणायचे, “खुर्चीला बोलतुय मी.”

आप्पांचा माल नंबर एक, पण विकायची कला शून्य. पंचक्रोशीतल्या गोठ्यांत त्यांची यंत्रं होती, त्यापलीकडं कुणी नाव ऐकलेलं नव्हतं. थोरला मुलगा रांजणगावला कंपनीत. त्याचं म्हणणं, शेड मोकळं करा, कंपनीच्या बस लावायला जागा पाहिजे, दर महिन्याला भाडं येईल, उगा कशाला या वयात लोखंड बडवताय. घरात रोज हाच विषय. शेवटी आप्पांनी शब्द दिला होता: लातूरचं जमलं तर शेड राहील, नाही जमलं तर दिवाळीनंतर बस आत आणि मी घरात.

लातूरचं म्हणजे असं की तिथला एक विक्रेता आप्पांची यंत्रं ठेवायला तयार झाला होता. अट एकच. तिथं शेतीचं प्रदर्शन भरणार होतं. गुरुवारी सकाळी दहाला ते उघडायच्या आत दहा नग त्याच्या स्टॉलवर उभे पाहिजेत. नाही आले तर दुसऱ्या कंपनीचा माल तयारच होता.

आप्पा ऑफिसात आले, टोपी मांडीवर ठेवली आणि म्हणाले, “म्याडम, धा नग. लातूर.”

मी तिन्ही प्रश्न विचारले. जागा सतरा फुटी गाडीची निम्मी. वेळ गुरुवार सकाळ. आणि हात लागलेले चालणार नाहीत, कारण प्रदर्शनात चेपलेलं यंत्र कोण बघणार?

“फुल करा,” मी म्हणाले.

“पार्टमधी निम्म्यात जातंय की.”

“जातंय. पण कधी पोचेल ते मी सांगू शकत नाही. पुण्यात लातूरची गाडी भरेस्तोवर माल बसून राहणार.”

“म्हंजी वडाप.”

“वडापच.”

आप्पांनी थोडा विचार केला. म्हणाले, “येकदा वडापनं मयताला निघालो हुतो, सावडायला पोचलो. फुल करा.”

मी बिल्टी केली. फुल लोड, दहा नग, न्हावरे ते लातूर. आप्पांचा जीव मात्र अजून अडकलेला. “पर म्याडम, निम्मी गाडी रिकामीच जानार? बघवंल का ते?”

“डोळे मिटून घ्या,” मी म्हणाले. “आणि ऐका, आप्पा. या गाडीत दुसऱ्या कुणाची काडीसुद्धा चढवायची नाही.” आप्पांनी खुर्चीला हात जोडले.

बुधवारी गाडी भरायची होती. मी आदल्या दिवशीच माहेरी मुक्कामाला गेले होते, म्हटलं गाडी मार्गी लावून मग ऑफिस गाठू. सकाळी सातला दौंडचे लतीफचाचा गाडी घेऊन आले. चाचा आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. तीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही. फक्त अंधारात दिसायला कमी आलं होतं, म्हणून दिवस मावळला की ते गाडी कडेला लावायचे आणि कुणाच्या बापाचं ऐकायचे नाहीत.

शेडच्या दारात एक लोखंडी कॉट उभी करून ठेवलेली होती. ती माझ्या आईची. माझा धाकटा भाऊ कुरकुंभला कामाला, त्याची बायको दिवसांत होती. बाळंतीण खाली झोपता कामा नये म्हणून आईनं आप्पांकडून ती मुद्दाम करून घेतलेली. आठ दिवस कॉट तयार होती आणि आई कुणी कुरकुंभला जातंय का ते बघत होती.

आईनं विचारलं, “गाडी कुरकुंभावरनंच जाती न्हवं?”

“आई, ही फुल गाडी आहे. असं करता येत नाही.”

“मी कुठं काय म्हनले? गाडी चाललीच हाय, तर…” एवढंच बोलून आई माझ्याकडं बघत राहिली.

आमच्या मुलखात ‘गाडी चाललीच हाय, तर’ या चार शब्दांपुढं कुठलाही कायदा टिकत नाही. बैलगाडी असो, टेम्पो असो, नाहीतर नवरीची मोटर असो, रिकामी जागा घेऊन जाणं हे आमच्याकडं ताटात टाकण्याइतकं वाईट समजतात. आणि आईपुढं बुकिंगवाल्या बाईचं काय चालणार? मी म्हणाले, “चढवा.” आप्पांचा चेहरा असा खुलला की विचारू नका.

कॉट दारात आडवी येत होती, म्हणून गड्यांनी आधी तीच उचलली आणि पार आत, केबिनच्या पाठीला टेकवून ठेवली. मग तिच्यापुढं एकेक करत दहाही यंत्रं चढवली. आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी जो धडा देतात तो हा: जो माल आधी उतरायचा, तो शेवटी चढवायचा. कित्येक हमालांना मी हे शिकवलं होतं, दोघातिघांना तर त्यासाठी झापलंही होतं. आणि माझ्या डोळ्यांदेखत कुरकुंभला उतरायची कॉट लातूरच्या दहा यंत्रांमागं गेली, तेव्हा मी काय करत होते? चहा पीत होते. चहा चांगला झाला होता, हे कबूल करते.

मॅडमचीच कॉट चढली म्हटल्यावर बाकीच्यांना मी कोणत्या तोंडानं नाही म्हणणार? पाटसच्या लेकीला ज्वारीचं पोतं आलं. आप्पांच्या पुतण्याला दौंडला शिलाई मशीन, भिगवणला कुणाचा तरी पाळणा, इंदापूरला आप्पांच्या बहिणीला कांद्याच्या दोन गोण्या. एक जुनी सायकल आली, ती कुठं उतरायची हे कुणालाच सांगता येईना. “ऱ्हाऊ द्या, वाटंत कुनीतरी घेईल,” असं ठरलं. एकानं सासूला पाठवायचं का म्हणून विचारलं, त्याला मात्र मी घालवून दिलं. नऊ वाजता गाडी भरली. आप्पांनी चहूबाजूंनी बघितलं आणि म्हणाले, “आता कशी गाडी वाटती.” मग ते केबिनमध्ये चढले, कारण माल एकटा पाठवायचा त्यांचा धीर नव्हता.

मी शिरूरला येऊन टेबलावर बसले. हल्ली गाड्यांना जीपीएस असतं, संगणकावर गाडीच्या जागी निळा ठिपका दिसतो. साडेदहाला ठिपका पाटसला होता. साडेअकरालाही पाटसलाच. फोन केला तर चाचा म्हणाले, “चाय हो रही है, ताई. पोतं उतरलं, लेकीनं आप्पाला बिठाके रखा है.” पाटसवरून कुरकुंभ सरळ पुढं, पण ठिपका वळला आणि दौंडात शिरला. समोर बसलेल्या शेठनीही ते बघितलं. शेठ म्हणजे आमच्या ट्रान्सपोर्टचे मालक. “लातूरची गाडी दौंडात काय करते?”

“रस्त्याचं काम चाललंय, शेठ,” मी म्हणाले. ते कायमच चाललेलं असतं, त्यामुळं पचलं.

दौंडला पुतण्यानं शिलाई मशीन लगेच चालवून बघितलं, त्यात सुई तुटली, मग नवी आणली, मग जेवणं झाली. चाचांचंही घर दौंडातच, म्हणून तेही घरी दहा मिनिटं टेकून आले. त्या दहा मिनिटांचा एक तास झाला. मी फोनवर तोंड सोडलं. मग कुठं ठिपका हलला.

दोन वाजता आप्पांचा फोन आला. “विमल,” ते म्हणाले. मी ऑफिसात होते, खुर्चीवर होते, आणि तरी म्याडम नाही.

“कुरकुंभला आलुया. तुजी कॉट पार आत हाय गं. सा-सात नग उतरवल्याबिगर निघायची न्हाई. हमाल बघाया मानूस धाडलाय. तुजा भाऊबी रजा टाकून हुबा हाय. तू काय काळजी करू नगं, काढतो आमी.”

मी मनात आकडेमोड केली. दुपारी दोनला तिथं हमाल कुठले मिळणार? मिळाले तरी सात नग रस्त्यावर उतरवायचे, कॉट काढायची, सात नग परत चढवायचे. चार तास. एखादं चाक वाकलं, एखादं पातं निसटलं तर निराळंच. सहाला दिवस मावळणार, चाचा गाडी कडेला लावणार. सकाळी कुरकुंभाहून निघाले तर लातूर दुपारी. तोवर स्टॉलवर दुसऱ्या कंपनीचा माल उभा राहिलेला असणार, आणि दिवाळीनंतर आप्पांच्या शेडमध्ये बस.

हे सगळं आप्पांना माझ्याइतकंच कळत होतं. पण माणूस असा की ‘तुझी कॉट राहू दे’ एवढं त्यांच्या तोंडून निघेना. माझ्या आईच्या कॉटपायी ते आपलं शेड घालवायला निघाले होते, आणि वर मलाच म्हणत होते काळजी करू नको. लाज वाटली, खरं सांगते. काडीसुद्धा चढवू नका म्हणून मीच दम दिला होता, आणि पहिली काडी माझीच.

“आप्पा,” मी म्हणाले, “एकही नग हलवायचा नाही. कॉट लातूरला जाऊ द्या.”

“अगं पर तुजी आई…”

“आईचं मी बघते.” सव्वीस वर्षांत गिऱ्हाइकांना मी बऱ्याच थापा मारल्या, पण एवढी मोठी दुसरी मारली नाही.

“सूनबाई कवाबी बाळंत हुईल.”

“ती कशावरही झोपेल. चाचांना फोन द्या.” चाचांना मी बजावलं, आता कुठं चहा नाही, जेवण नाही. भिगवणला पाळणा खाली ठेवायचा, इंदापूरला गोण्या, इंजिन बंद करायचं नाही. “आणि सायकल?” चाचांनी विचारलं. मी म्हणाले, “जो पहिला हात करील त्याला द्या.”

फोन ठेवला तर समोर शेठ. सगळं ऐकलेलं. “फुल गाडीत कॉट?” त्यांनी विचारलं.

“हो. माझी.” मी बोलणी खायच्या तयारीनं बसले. बिल्टीवर दहा नग, सरकारी ई-वे बिलावर दहा नग, आणि आत अर्धं न्हावरे. वाटेत तपासणी झाली असती तर काय उत्तर दिलं असतं कोण जाणे.

शेठनी खिडकीबाहेर बघितलं. मग घसा साफ केला आणि हळूच म्हणाले, “इंदापूरला माझ्या मावसभावाची एक पिशवी आहे लतीफकडं. तेवढी उतरवायला सांगता का?”

इंदापूरला आप्पांची बहीण पुरणपोळ्यांचा डबा घेऊन हायवेवर येऊन उभी राहिली होती. गोण्या खाली, पिशवी खाली, डबा वर, गाडी पुढं. आप्पा केबिनमधून उतरले नाहीत म्हणून या बहीणबाई वर्षभर धुसफुसत होत्या. दिवस मावळता मावळता त्यांनी बार्शी ओलांडली, चाचांनी ठरल्याप्रमाणं गाडी कडेला लावली, आणि गुरुवारी सकाळी आठला लातूर.

पुढचं मी आप्पांच्या तोंडून ऐकलंय, तेव्हा त्यातलं थोडं कमी करून घ्या. नऊपर्यंत दहाही नग स्टॉलवर लागले. शेवटी गाडीत उरली कॉट. विक्रेता म्हणाला, “आप्पा, हे काय आणलंय?” आप्पा म्हणाले, “बसाया.” आणि त्यांनी ती स्टॉलच्या तोंडाशी मांडली. शेजारच्या मोठ्या कंपनीनं पांढऱ्या कापडाचा सोफा ठेवला होता. शेतकरी चिखलाच्या पायांनी यायचे, सोफ्याकडं बघून पुढं सरकायचे. कॉट दिसली की टेकायचे. एकदा टेकलं की आपला माणूस गप्प बसत नाही. जनावरं किती, दूध किती, कडबा कसा, असं करत करत बोट यंत्राकडं जायचं. आप्पांना विकता येत नसे, पण गोठ्याच्या गप्पा मारता यायच्या. संध्याकाळी विक्रेत्यानं आणखी मालाची मागणी घातली. आप्पांच्या शेडमध्ये बस शिरली नाही, ती अजून शिरलेली नाही.

आईचा फोन त्याच बुधवारी संध्याकाळी पाचला आला होता. भावानं तिला कळवलं होतं. तिनं मला एवढंच विचारलं, “लातूरला कोन बाळंत हुनार हाय?”



प्रदर्शन संपलं आणि कॉट परत आणायची वेळ आली. एका कॉटसाठी फुल गाडी कोण करणार? म्हणून गेली पार्टमध्ये. बुकिंग मीच केलं. लातूरचं गोडाऊन, तिथून पुणे, आणि पुण्यात ती जी बसली ती बसली. मी रोज फोन करायची. तिथला पोरगा अगदी गोड आवाजात सांगायचा, “उद्या नक्की, मॅडम. लोड होतोय.” हे वाक्य मी स्वतः इतकी वर्षं लोकांना ऐकवलं होतं, ते दुसऱ्या बाजूनं ऐकायला कसं वाटतं ते तेव्हा कळलं. कॉट सोळाव्या दिवशी कुरकुंभला पोचली, एक पाय वाकडा होऊन. तोवर भावजय बाळंत होऊन शेजारणीच्या दिवाणावर झोपत होती आणि बाळाचं बारसं झालं होतं. आई म्हणाली, “सत्तर वर्सांत मी बार्शी बघितली न्हाई. माजी कॉट लातूर-पुनं करून आली.”

मला ती हे आयुष्यभर ऐकवत राहिली. पण आप्पांना तिनं एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. आप्पा घरी आले, विषय निघाला, की म्हणायची, “बरं झालं की हो, कामी आली कॉट.” आणि ते गेले की माझ्याकडं बघायची.

त्यानंतर मी गिऱ्हाइकाला चौथा प्रश्न विचारू लागले: वाटेत पाव्हणे कुठं कुठं आहेत? लोक हसायचे, पण उत्तर देताना त्यांचे डोळे इकडंतिकडं व्हायचे. आता मोबाइलवरच ट्रक बुक होतो. मुलानं मला दाखवलं. फुल का शेअर, दोन बटणं. वजन विचारतो, माप विचारतो, तारीख विचारतो. हुशार आहे. पण चौथा प्रश्न त्याला अजून सुचलेला नाही.

रिटायर झाल्यावर मी शिरूरची खोली सोडून दौंडला मुलाकडं यायचं ठरवलं. तो रेल्वेत आहे. सामान न्यायला मी माझ्याच जुन्या ऑफिसातून गाडी केली. शेठनी विचारलं, “ताई, फुल का पार्ट?” मी म्हणाले, “फुल. माझ्या भांड्यांना दुसऱ्याचे हात नकोत.” लतीफचाचाच आले, केस पांढरे, चष्मा जाड. सव्वीस वर्षांचा संसार चढवला आणि निम्मी गाडी रिकामीच राहिली. मी ती रिकामी जागा बघत उभी राहिले. आप्पांना मी डोळे मिटून घ्या म्हणाले होते, पण माझे काही मिटेनात.

शिरूरहून दौंडला जाताना न्हावरे लागतंच. आप्पांच्या शेडसमोर चाचांनी गाडी आपणहून हळू केली. आप्पा रस्त्याच्या कडेला हात वर करून उभे होते, आता काठी टेकून, आणि बाजूला दोन गड्यांनी धरलेली आईची कॉट. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. बाळ मोठं झाल्यावर कॉट न्हावऱ्याला परत आली होती, आणि शेवटी शेवटी आई तिच्यावरच झोपायची. ती गेल्यावर भावानं घर आवरलं, तेव्हा कॉट आप्पांनी मागून घेतली आणि शेडमध्ये गिऱ्हाइकाला बसायला ठेवली होती.

मी केबिनमधून खाली उतरले. आप्पा म्हणाले, “विमल, गाडी चाललीच हाय, तर…”

मी चाचांना गाडीचा मागचा फाळका पाडायला सांगितला. गडी कॉट घेऊन फाळक्यापाशी गेले. एक जण आत जागा बघून म्हणाला, “आप्पा, आत सरकवून लावू का, केबिनपातुर?”

“न्हाई,” आप्पा म्हणाले. “तितंच ऱ्हाऊ दे, तोंडाशी. शेवटी चढली, आता पयली उतरंल.”

दौंडला तसंच झालं. सून अजून खोली झाडत होती. गाडीतून सगळ्यात आधी कॉट उतरली. वाकडा पाय आप्पांनी कधीतरी सरळ करून दिला होता, ती कुठंच डुगडुगत नव्हती. रिकाम्या खोलीत ती मांडली, आणि बाकीचं सामान उतरेपर्यंत मी आईच्या कॉटवर बसून राहिले.